आगळातलं मीठ

मंगळवार, २० मे

सासूबाईंच्या लुगड्यांच्या घडीत आज प्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं. एकही गोळी काढलेली नाही. विचारलं तर म्हणाल्या, “तूच नाय का बोललीस, कोकम हृदयाला चांगलं म्हणून? रोज दोन पेले आगळ पिते मी.”

बोलले होते. बचतगटाच्या बैठकीत, मोठ्या तोऱ्यात. कोकमाच्या लाल रंगातच गुण आहे म्हणाले, अँटिऑक्सिडंट हा शब्द तीनदा वापरला. गोळ्या सोडा असं कधी म्हटलं? पण कोकमाच्या रसाचं हे आगळ टिकावं म्हणून आपण त्यात मुठी-मुठीनं मीठ घालतो, हेही नाही सांगितलं. आणि म्हणे बी.एस्सी. झालेय मी!

आता कुठल्या तोंडानं सांगू? सून शिकलेली म्हणून त्या गावभर मिरवतात. शेजारच्या काकींनीही गोळ्या बंद केल्यात.

संध्याकाळी सांगायचंच ठरवलं होतं, तेवढ्यात काकी आल्या. सासूबाईंनी तीन पेले भरले. “पी गो, तुझंच औषध हाय.” ते पाकीट माझ्या मुठीत होतं. मूठ ओढणीआड घेतली आणि प्यायले.

खारट.

“छान झालंय,” म्हणाले मी.