राखेवरचे पाय

आबा, तुमच्या धाकट्या लेकाने परवा पणदऱ्याच्या गुऱ्हाळावर तुमचाच तमाशा पुन्हा करून दाखवला. चुलवाणातून ओढलेली राख, वरून विझलेली आणि आत धगधगती. तिच्यावरून तो अनवाणी चालत गेला आणि भोवतीची मंडळी "आबांचं रगात हाय!" म्हणत माना डोलवत राहिली. तुमच्या वेळीही हेच लोक होते. तुम्ही गुळव्या होतात, काहिलीतला पाक नुसत्या नजरेने ओळखायचात, पण गावाने तुमचं नाव केलं ते पायांमुळे. साखरेच्या आजाराने तळव्यांतली जाणीव मेली होती आणि हे शहाणे तिला ताकद म्हणत होते. बारामतीच्या डॉक्टरांनी परोपरीने समजावलं, तर तुम्ही घरी येऊन ऐटीत सांगितलंत, "डाक्तरनं टाचणी टोचली, मला काय बी झालं न्हाय." त्यावर आईने दृष्ट काढली. पायांची! अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

मी पुण्याच्या प्रयोगशाळेत काय करते हे ऐकायला तुम्ही राहिला नाहीत. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर झिजलं, फाटलं की हाडांच्या मगजातून काही पेशी डागडुजीला निघतात. मधुमेहात त्या कमी निघतात, अशक्त निघतात आणि जिथे जायचं तिथे धड पोचत नाहीत. त्यांना पुन्हा कामाला लावायची आमची खटपट. उंदरांत थोडंफार जमतं, माणसाला भरवसा द्यावा असं अजून हाती नाही. एवढंच एकदा घरी बोलले आणि घात झाला. तुमच्या लेकाला साखर तुमच्यासारखीच; त्याने त्यातला 'स्टेम सेल' हा शब्द तेवढा उचलला आणि इंदापुरात एक महाभाग शोधून काढला. तो स्टेम सेलचे थेंब देतो, जिभेखाली ठेवायला. जिवंत पेशी म्हणे, खिडकीत उन्हात मांडलेल्या बाटल्यांत! त्या भामट्याची मला नुसती किळस येते. राग येतो तो त्याच्या दारात चपला काढून भक्तिभावाने बसणाऱ्यांचा.

राख तुडवून आलेल्या तुमच्या लेकाच्या तळव्याला फोड होता आणि अंगठा काळानिळा पडला होता. मी म्हटलं, नस तुंबलीय, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल, नाहीतर आबांसारखा पाय जाईल. तो सगळ्यांसमोर हसला. "आक्का, तिकडं उंदरांच्या नसा जोडतीस आन् हितं भावाचा पाय तोडाय निघालीस व्हय? आबांचा पाय डाक्तरनी तोडला म्हणून आबा गेलं. न्हायतर लोखंडाचं पाय व्हतं त्येंचं." मंडळींनी पुन्हा माना डोलवल्या.

मग मी सांगून टाकलं. तुम्ही कुणाला सांगू नको म्हणाला होतात ते, त्या सगळ्यांच्या देखत. पाय कापायच्या आदल्या सकाळी तुम्ही डोळे मिटून मला म्हणालात, "पोरी, अंगठा धर की माजा, बगू कळतंय का." आणि मी तो मघापासून धरूनच बसले होते. तसं मी म्हटल्यावर तुम्ही रडलात, आबा. लोखंडाच्या पायांचा माणूस भीतीने पोरीपुढे रडला. भाऊ खाली बसला, स्वतःचा अंगठा दाबून पाहिला, पुन्हा जोरात दाबला. मग म्हणाला, "गाडी काढ."

डॉक्टरांनी नस मोकळी केली. अंगठा गेला, पाय राहिला. आता भाऊ 'पाय थेंबांनीच वाचला' म्हणून गावभर सांगत फिरतो आणि इंदापूरच्या त्या दारात चपला वाढल्यात. अशा माणसांसाठी मी उंदरांपुढे आयुष्य घालवते आहे.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, राहू दे इथेच. एक मात्र मी गुऱ्हाळावर सांगितलं नाही. तुमचं रडणं थांबेना, तेव्हा मी म्हटलं, "मघाशी नीट धरला नव्हता, आबा. आता धरलाय बघा." तुमचा चेहरा खुलला. मिटल्या डोळ्यांनीच म्हणालात, "व्हय गं, आता कळतंय." तेव्हा माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.