बिअरमध्ये घातलेला हात

रविवार, १७ नोव्हेंबर, ड्रेस्डेन

हात घातला मी. बिअरमध्ये, मनगटापर्यंत! काय म्हणावं मला.

खालच्या मजल्यावरच्या श्री. विंटरनी त्यांची बिअर आंबवायची बादली देताना तीनदा बजावलं होतं, सगळं निर्जंतुक करा. केलं. चमचा, नळी, झाकण, सगळं. काल माल्टचं पाणी उकळून गार केलं, यीस्ट टाकलं, आणि बाही वर सारून सरळ हातानेच ढवळायला लागले. इडलीच्या पिठासारखं! त्यांना सांगितलं तर डोळे मिटून म्हणाले, "आल्झो... तर मग, आता वाट बघायची."

आई अशीच ढवळायची. नाशिकचा तो अरुंद ओटा, मी शेजारी स्टुलावर. "हाताची ऊब लागते गं त्याला." मी ढवळलं की मात्र सकाळी पीठ तस्संच. "तुला हातगुणच नाही," म्हणून हसायची. आणि इथे तर सात हिवाळ्यांत एकदाही फुगलं नाही.

आज दुपारपासून झाकणावरची नळी गुडगुडतेय. आत फेस चढलाय. हात घालूनसुद्धा? की घातला म्हणूनच? कोण जाणे.

पाचला आईचा फोन. काय करतेस, म्हणाली. बिअर कुठल्या तोंडाने सांगणार! म्हटलं, इडलीचं पीठ केलंय.

"फुगलं का?"

"फुगलं गं. हातानेच ढवळलं."

"उतरला म्हणायचा माझा हातगुण तुझ्यात!" किती खूश झाली.

फोन ठेवला आणि आधी उडीद-तांदूळ भिजत घातले. उद्या वाटून, याच हाताने ढवळून, भांडं बादलीला खेटून ठेवणार आहे.