माझ्या तिळातील रेघा आणि सँडगेटचे घर

मी, मर्ल ईडिथ हॅनरहन, वय एकाहत्तर, राहणार सँडगेट, ब्रिस्बेन, प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरून निवृत्त, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना (क्लाईव्हच्या तर कधीच नव्हते) हे लिहून ठेवते. डॉक्टरांनी मला नाताळपर्यंतची मुदत दिली आहे.

१. माझी रुंद काठाची टोपी नणंद डॉरीनला द्यावी. "उन्हाला एवढं काय घाबरायचं?" असे ती तीस वर्षे म्हणत आली. टोपी घालूनही मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग, मलाच झाला, हे तिने गावभर सांगू नये.

२. पाठीवरून कापलेला माझा तीळ राळेच्या ठोकळ्यात बसवून कपाटात ठेवला आहे. त्याच्या पेशींत रंग तयार करणाऱ्या पिशव्या आहेत, एकेक मिलिमीटरच्या दोनहजाराव्या भागाएवढी. जिवंतपणी त्या पेशीत हिंडत असत, सबब वकिलांनी त्यांना जंगम मालमत्ता धरावे.

३. निरोगी पिशवीत आधी समांतर रेघा दिसतात, मग त्यांवर रंग चढत जाऊन सगळे काळे होते. मेलानोमात हा कारभार बिघडतो. तरी ठोकळ्याचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली पाहिला, तर माझ्या पिशव्यांत रेघा आहेत. वाकड्या, पण आहेत. माझा पूर्वीचा नवरा क्लाईव्ह ड्रिसकॉल त्याच प्रयोगशाळेतला. तो म्हणतो, "अगं, सुरी थरथरली, तिच्या रेघा आहेत त्या. ठोकळा काटकोनात फिरवून काप, म्हणजे कळेल. तुझ्या असतील तर पेशींबरोबर फिरतील, सुरीच्या असतील तर सुरीलाच धरून राहतील." मी फिरवला नाही. भीती वाटते, दुसरे काय! या शरीराने एवढे एक काम तरी धड केलेले असावे.

४. घर क्लाईव्हला द्यावे. अट एकच: माझ्यामागे त्याने ठोकळा फिरवून कापावा आणि माझ्या थडग्याशी येऊन खरे काय ते सांगावे.

५. इथवर वाचून क्लाईव्हने साक्षीदाराच्या जागी सही करायला पेन उचलले.

"अरे शहाण्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही!"

"ठाऊक आहे. घर डॉरीनला दे. थडग्याशी कसल्या गप्पा मारू? उद्या सकाळी चल, दोघं मिळून कापू."

"आणि रेघा सुरीच्या निघाल्या तर?"

"तर मी गप्प बसेन. जन्मात पहिल्यांदा."

मला रडू आले, तेही नोंदवते. कलम चार रद्द. घर डॉरीनला.

स्थळ: सँडगेट. दिनांक: १४ ऑगस्ट २००९.

सही: मर्ल ईडिथ हॅनरहन

साक्षीदार:
१. व्हिल्मा टेस्ता, शेजारीण
२. क्लाईव्ह ड्रिसकॉल, नवरा

(साक्षीदार क्र. २ याने "नवरा" या शब्दाआधीचा "पूर्वीचा" हा शब्द स्वतःच्या हाताने खोडला आहे. खाडाखोड मला मान्य. — म. ई. हॅ.)