डेस्कटॉप अपग्रेड : काम अर्ध्या तासाचं

४ मार्च, सोमवार
निश्चय झाला. डेस्कटॉप अपग्रेड करणार, तेही स्वतः. ही घरून लोकांच्या स्वयंपाकघरांची डिझाइन्स करते. ड्रॉइंग उघडेपर्यंत तिचा चहा निवतो. तयार घेतलेला कंपनीचा पीसी, दुसरं काय होणार? नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं की पळेल. अर्ध्या तासाचं काम. ही म्हणाली, शुक्रवारी हॉटेलच्या किचनचं ड्रॉइंग द्यायचंय, त्यानंतर कर. तिला टेक्नॉलॉजीतलं फारसं कळत नाही.

५ मार्च
कार्ड आणलं. दुकानदाराने विचारलं, कॅबिनेट मोजलंय का? नुसता हसलो.
कार्ड दोन बोटं जास्त लांब. हार्ड डिस्कचा पत्र्याचा कप्पा मध्ये येतो. चूक कंपनीची.

५ मार्च, संध्याकाळ
कप्पा करवतीने कापला. कार्ड बसलं! अंगठाही कापला, किरकोळ. हार्ड डिस्क सध्या दोरीने टांगली आहे. हवा छान लागेल.

६ मार्च
पंखा गरगरतो आणि सगळं बंद पडतं. पॉवर सप्लाय कमी पडतोय. मला वाटलंच होतं, बोललो नाही इतकंच. मोठा सप्लाय आणला. दुकानदार काहीतरी विचारणार होता. थांबलो नाही.
नव्याचा प्लग रुंद, मदरबोर्डवरची जागा अरुंद. या कंपनीला जगावेगळं करायची हौसच भारी! आता मदरबोर्डच बदलतो.
ही दारात उभी. विचारलं, माझं ड्रॉइंग त्यातच आहे ना? म्हटलं, अगदी सुरक्षित आहे. ती गेल्यावर दोरीची गाठ तपासली.

७ मार्च
नवा मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये बसत नाही. वैताग! सगळं पहिल्यासारखं जोडायला घेतलं. कुठली वायर कुठे होती, देव जाणे.
ही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हार्ड डिस्क सोडवून पिशवीत घातली आणि बहिणीकडे गेली.

८ मार्च
मेहुणीच्या लॅपटॉपला डिस्क जोडून ड्रॉइंग वेळेत गेलं म्हणे. फोनवर हिचा आवाज थकलेला. मी सांगितलं, पीसी जवळजवळ सुरू होतोय. ती म्हणाली, बरं.

९ मार्च
ही परत आली. नवा लॅपटॉप घेऊन. टेबलावरचा माझा पसारा बाजूला सारला आणि कामाला बसली. झरझर चालतो.
मी विचारलं, यात रॅम वाढवता येते का गं?
तिने मान वर केली नाही. म्हणाली, शेजारी बसायचं तर बस, पण हात मांडीवर ठेव.
ठेवले.