चष्म्याची खूण

लातूर,
दि. ११ एप्रिल १९८३

मित्रवर्य लिंबाजीराव यांसी,

आपणांस जय भीम, आणि माझ्या बाजूने यथाविधी नमस्कार. येथे सर्व क्षेम आहे. वस्तुतः हे क्षेम तीन दिवसांतून एकदा टँकरने येते आणि पाऊण तासात संपते. पर्जन्यराजाने आपल्या नव्या जिल्ह्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. राजपत्राची प्रत त्यांच्या कार्यालयी पोचली नसावी.

नव्या कचेरीत फलक लागला आहे, खुर्च्या येत आहेत. प्रस्तुत लेखकास अव्वल कारकून या पदासह एक मेज व एक पंखा प्राप्त झाला आहे. पंखा वीज आली की फिरतो, मी साहेबांनी सांगितले की फिरतो. वारा दोघांचाही लागत नाही.

तिकडे जुन्या जिल्ह्यात, परंड्यास, आपली व्यवस्था कशी आहे? टंचाईच्या कामांवर हजेरीपट तपासत आपण उन्हातान्हात हिंडता, असे कळते. मस्तकास ओले वस्त्र गुंडाळावे, असा सल्ला दिला असता. परंतु वस्त्र ओले कशाने करावे, हे लिहिणे मला शक्य नाही.

आता क्रीडावार्ता. औशाच्या एस.टी. स्टँडवरील आपला बाक ओस पडला. मंडळ हल्ली रविवारी आप्पासाहेबांच्या ओसरीवर भरते. आमच्या सौभाग्यवती सौदामिनीबाईंनी परवा विचारले, "हे मेंढीकोट आहे तरी काय?" मी भाष्य केले : चौघे खेळाडू, समोरासमोर बसलेले दोघे भिडू. दश्शीला मेंढी म्हणावे. ज्या जोडीकडे मेंढ्या अधिक, तिचा जय. चारही एका जोडीने नेल्या तर दुसरीवर कोट. आपला भिडू हात जिंकणार, अशी खात्री असेल तरच त्या हातावर आपली मेंढी टाकावी.

त्या म्हणाल्या, "म्हणजे समोरच्यावर भरवसा ठेवायचा खेळ. मग तुम्हाला कसा जमतो?"

स्त्रियांना शास्त्रात गती नसते, असे मी म्हणालो. त्या भांडे घेऊन टँकरकडे गेल्या.

पंधरा वर्षे आपण औसा-लातूर येरझार केली, आणि पंधरा वर्षे बसवंत तलाठी व आप्पासाहेब यांना सुटणाऱ्या गाडीची वाट पाहत लुटले. मी कान खाजवला की 'टाका मेंढी, हात माझा आहे'. मी चष्मा सावरला की 'टाकू नका, आहे ते धरून ठेवा'. धर्मशास्त्रानुसार हे चौर्य होय. परंतु दोन चोरांत जी सचोटी असते, ती दोन सज्जनांत मला क्वचितच आढळली. एकही खूण खोटी गेली नाही. म्हणजे पत्त्यांत.

गेल्या महिन्यात आपण रजेवर आलात. भिडू ठरवायला पाने ओढली आणि दैवाने आपल्याला पुन्हा माझ्यासमोर बसविले. चौकटची उतारी झाली. एक्का माझ्यापाशी होता, मेंढी आपल्यापाशी. मी कान खाजवला. आपण पाहिले. स्वच्छ पाहिले. आणि तिर्री टाकलीत. पुढच्या फेरीस आप्पासाहेबांच्या राजाने ती मेंढी नेली. चौथी. आपल्यावर कोट.

"लिंबाजी, मेंढी काय लोणच्याला ठिवलास का रं?" आप्पासाहेब ओरडले. "पंताकडं एक्का व्हता की!"

"मला आताशा समोरचं दिसंनाच झालंय, आप्पासाहेब."

"मग सोलापूरला जाऊन डोळे दाखिव की," बसवंत म्हणाला. "लई चांगला डाक्टर हाय."

"डोळ्याचं न्हाई ते," आपण म्हणालात, आणि पाने पिसायला घेतलीत.

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो.

गतवर्षीच्या श्रावणात, जिल्हा फुटताना, विकल्पाचे छापील कागद वाटले गेले : जुना जिल्हा की नवा? साहेब समोर बसलेले, बोलण्यास मनाई. आस्थापनेचा पत्रव्यवहार माझ्या हातून जात असल्याने कोणता विकल्प हिताचा, हे मला ठाऊक होते आणि मला ठाऊक आहे, हे आपल्याला ठाऊक होते. आपली लेखणी कागदावर थबकली. आपण मान वर करून माझ्याकडे पाहिलेत. मी चष्मा सावरला. आपण 'नवा' हा शब्द खोडलात. मी माझ्या कागदावर 'जुना' खोडला.

दिवाळीत स्टँडवर भेटलो तेव्हा मी म्हणालो, त्या दिवशी फार उकडत होते, चष्मा नाकावरून घसरत होता. आपण विचारले नव्हते. तरीही मी सांगितले.

लिंबाजीराव, चष्मा घसरला नव्हता. ज्येष्ठता यादीत आपण मजहून अकरा दिवसांनी वर होता, आणि येथे अव्वल कारकुनाची जागा एकच होती.

आपण तक्रार केली नाहीत. कोणत्या शीर्षाखाली करणार? 'भिडूने खोटी खूण केली' या विषयाची नस्ती कोणत्याही शाखेत उघडत नाही. हेही मी त्या क्षणी विचारात घेतले होते. मी आळशी असेन, निष्काळजी नाही.

जानेवारीत येथे टँकरच्या रेट्यात भामाबाई वहिनी पडल्या, हात मोडला, हे आपण जाणता. पुढचे जाणत नाही. तेव्हापासून रांगेत आपली पंचशीला उभी असते. कॉलेज बुडाले, हजेरी भरली नाही, बारावीच्या परीक्षेस ती बसली नाही. "बाबाला सांगू नका काका, उगं जिवाला लावून घेतील," असे तिने मला बजावले आहे. मी सांगत आहे. वचनभंगाचा मला सराव आहे.

कचेरीच्या खिडकीतून ती रांग दिसते. शुक्रवारी पंचशीला घागर तिथेच ठेवून खिडकीशी आली.

"काका, बाबाची बदली कवा होईल?"

"प्रयत्न चालू आहेत, बाळ."

"बाबा म्हणतेत, मार्तंडकाका हायेत तिथं, तू काळजी करू नको."

हे आपण तिला अजूनही सांगता? शिवी दिली असतीत तर मला झोप लागली असती.

उपाय आहे. आपसी बदली : आपण लातूरला, मी परंड्यास. दोघांची संमती असल्यास साहेब हरकत घेणार नाहीत. अर्ज मी तीन प्रतींत केला, माझी स्वाक्षरी केली, आपल्या स्वाक्षरीच्या जागी शिसपेन्सिलीने फुली केली. तो अर्ज आपल्याला धाडावा, एवढ्यासाठीच आज पत्रास बसलो.

परंतु आपसी बदलीने जाणारा नव्या ठिकाणी ज्येष्ठतेच्या तळाशी जातो. नायब तहसीलदारीची यादी जूनमध्ये निघणार आहे. तीत माझे नाव दुसरे आहे. वय एकोणपन्नास. अर्ज खणात आहे, किल्ली माझ्या जानव्याला आहे. हे पत्र पूर्ण झाले, मी खण उघडलेला नाही.

पंचशीलेने पुन्हा विचारले तर 'वरून आदेश यायचा आहे' असे मी सांगेन. या बाबतीत वर मीच आहे.

पत्राचा उपयोग आपण वाटेल तसा करावा. पुराव्यास उणीव राहू नये म्हणून पूर्ण नाव व हुद्दा लिहीत आहे.

आपला म्हणवण्याचा अधिकार नसलेला,
मार्तंड दत्तात्रेय अर्धापूरकर
अव्वल कारकून, आस्थापना

सोबत : निरंक