रोझूनं खाल्लं का?

रत्नागिरी,
२२ सप्टेंबर २००२

तीर्थरूप जेरोममामा आणि मामी यांना वैदेहीचा नमस्कार.

तुमचं पत्र परवा पोचलं. अक्षर अगदी आईसारखं, तिरपं. "रोझूनं खाल्लं का? मीठ पुरलं का?" एवढंच विचारलंयत. उत्तराला दोन दिवस लागले, कारण इथे गडबड होती. राहीचं, माझ्या लेकीचं, लग्न ठरलं. मुलगा पालीचा, बँकेत आहे. माणसं चांगली आहेत, फक्त बोलतात फार.

कोर्लईहून येतानाचा प्रवास बरा झाला. मामींनी दिलेली बरणी रत्नागिरीपर्यंत माझ्या मांडीवर होती. महाडला कंडक्टरनं विचारलंन, "बाई, वास कसला हो?" म्हटलं, लोणच्याचा. शिरक्यात मुरवलेलं डुकराचं मटण मांडीवर आणि तोंडानं लोणचं! तेव्हा मला माझंच हसू आलं होतं.

तुमच्या ओट्यावर जेवताना तुम्ही दोघं आपसात तुमची ती पोर्तुगीज वळणाची भाषा बोलायला लागलात आणि माझा घास हातातच राहिला. लहानपणी मला ताप आला की आई ह्याच सुरात काहीतरी पुटपुटायची. विचारलं की म्हणायची, "काही नाही, श्लोक म्हणत्ये." रेवदंड्याला मास्तर असलेल्या बाबांबरोबर ती इथे आली, रोझालिनाची मालिनी झाली, आणि पुढे माहेर हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नाही. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली, तरी नाही. ह्या आषाढात पहिल्यांदा म्हणाली, "मरायच्या आधी एकदा आयच्या पद्धतीचं ते आंबट मटण खायचंय. कोर्लईला भाऊ असेल माझा. बघून ये." सत्तेचाळीसाव्या वर्षी मला मामा मिळाला.

बरणी आली तेव्हा गणपती दोन दिवसांवर होते. आईच म्हणाली, "बाप्पा घरात असताना नको हो. बाहेर मांगरात, लाकडांपाशी ठेव." आमच्याकडे विसर्जनापर्यंत मासळीसुद्धा शिजत नाही, आणि मोदक तर आईसारखे अख्ख्या आळीत कुणाला जमत नाहीत. म्हणून ते राहिलं.

इथवर लिहून काल मी पत्र बाजूला ठेवलं होतं. लिहिलंय ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

गणपती शनिवारी, पाचव्या दिवशीच गेले. त्या रात्री आई पानावर बसली आणि म्हणाली, "आण आता." मी म्हटलं, "पालीची माणसं बुधवारी येतायत. घरात वास राहील. कुणी विचारलं तर काय सांगू? चार दिवस थांब." तिनं पिठलंभात कालवला, जेवली, ताट उचलून मोरीत ठेवलं. मंगळवारी सकाळी न्हाणीघरात पडली.

मामा, तिनं खाल्लं नाही. मी दिलं नाही. आता सरकारी दवाखान्यात आहे, नाकात नळी आहे, तिच्यातून पेज जाते. उजवी बाजू गेली. आता काही गिळता यायचं नाही, असं डॉक्टर म्हणतात.

बोलते मात्र. मराठी पार पुसली गेली आहे, दिवसभर तुमची भाषा. डॉक्टर म्हणतात, अशा झटक्यात बडबड असंबद्ध होते. राहीही तेच धरून चालली आहे. ते असंबद्ध नाही हे मला एकटीला ठाऊक, आणि मला त्यातलं अक्षर कळत नाही. काल माझा हात धरून तिनं तेच तेच तीनदा विचारलं, मग रडायला लागली. मी "हो, हो" म्हटलं. कशाला हो म्हटलं, देव जाणे.

तिचं बोलणं समजेल असं माणूस आता तुम्हीच. लगेच या. डॉक्टर आठवड्यापलीकडचं काही सांगत नाहीत.

पण मामा, व्याही रोज संध्याकाळी पाच ते सात खाटेपाशी असतात. तुम्ही दुपारचे आलात तर बरं. आणि गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत राहिला तर. हे लिहिताना माझी मलाच किळस येते, तरी खोडवत नाही. लेकीचं लग्न मोडलं तर तिला काय तोंड दाखवू? आणि आईला असं एकटं बोलत ठेवून कशी बसू? मला काही सुचत नाही.

रोज दोन वाजता मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी असेन. कोण म्हणून विचारलं, तर काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. तुम्ही भाऊ म्हणालात तर मी नाही म्हणणार नाही. माझ्याच्यानं एवढंच होईल.

अजून म्हणू देत असाल तर,
तुमची भाची
वैदेही