कॅमेऱ्याला घातलेला हार

शिरपूर,
२५ ऑक्टोबर २०२५

चि. कुंदन यास किरणअक्काचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोनवर आईचं नाव निघालं की बोलायचं राहून जातं, म्हणून लिहिते आहे. आईला जाऊन तीन आठवडे झाले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भरदुपारी गावच्या चौकात कुणीतरी तिच्या गळ्यातली सोन्याची माळ ओढली आणि तिला ओट्यावर ढकललं, एवढंच मला माहीत आहे. चौकातल्या कॅमेऱ्यात काय दिसलं हे विचारलं की तू विषय बदलतोस.

अरे, तो कॅमेरा तूच मागे लागून बसवलास ना? त्यानंतर विहिरींवरच्या मोटारींच्या केबल चोरीला जायच्या थांबल्या. तेव्हा मी तुला फौजदारसाहेब म्हणून चिडवलं होतं. मग आईला ढकलणारा त्यात दिसायला नको? ओळखीचा कुणी असेल म्हणून लपवत असलास तरी मला सांग. तो कोण हे कळल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी अक्का

भुसावळ,
३० ऑक्टोबर

ती. अक्कास कुंदनचा सा. न.

वि. वि. पत्र पोचलं. लपवण्यासारखा दुसरा कुणी नाही, मीच आहे. दसऱ्याला ट्रॅक्टरची, मोटारींची पूजा झाली. कॅमेऱ्याचीही करू म्हणून मीच शिडीवर चढलो आणि झेंडूचा भरगच्च हार घातला. सरपंच जीवरामनानांनी नारळ फोडला. संध्याकाळच्या गाडीने मी ड्युटीवर परतलो आणि तिकडे हार घसरून काचेवर आला.

पोलिसांनी मला त्या दुपारचं चित्रण दाखवलं. त्यात झेंडूची फुलं हलताना दिसतात, बाकी काही नाही. चोर आता सापडेल असं त्यांनाही वाटत नाही. त्या कॅमेऱ्यातलं गाव मला इथून मोबाइलवर दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा उघडून पाहिलं असतं, तर हार काढायला कुणालाही सांगता आलं असतं.

रागाव, पण माया तोडू नकोस.

तुझा कुंदन

शिरपूर,
५ नोव्हेंबर

चि. कुंदन यास आशीर्वाद.

वि. वि. दोन दिवस मी तुझ्यावर खरंच रागावले होते. आता नाही. ढकललं त्या मेल्याने, तू नाही.

पण आईला भरदुपारी चौकात काय काम होतं, हे मला कळत नव्हतं. आईच्या शेजारच्या भागाबाईंना विचारलं. मोबाइलवर गाव दिसतं असं तू आईला सांगितलंस, त्या दिवसापासून ती रोज जेवण झालं की धुतलेलं पातळ नेसून कॅमेऱ्याखाली जायची. मना कुंदन माले देखस, असं भागाबाईंना सांगायची. तुला दिसावी म्हणून थोडा वेळ वर बघत उभी राहायची आणि घरी यायची. त्या दिवशीही त्यासाठीच गेली होती.

कुंदन, तू तिला कधी पाहिलंस का रे? नसशील पाहिलं, तरी पाहिलं म्हणून लिही.

तुझी अक्का